आईच्या वळणाचा

"माणके, एक कोरा कागद दे गं. आन् पेन बी दे."

मी ईसीजीचं मशीन ढकलत वॉर्डाकडं निघाले होते आणि आई नवजात बाळांच्या खोलीबाहेर वाट अडवून उभी. एका हातात पितळी ताटली, तिच्यात हळदकुंकू, सुपारी, लिंबू. दुसऱ्या हातानं पदराखाली काहीतरी जड धरलेलं. मी पदर बाजूला केला तर वरवंटा! विट्याजवळच्या आमच्या खेड्यातून एसटीनं मिरजेपर्यंत बाईनं घरचा वरवंटा आणला होता.

"आई, हा दवाखाना आहे. इथं कुणी वरवंटा आणतं का?"

"दवाखाना हाय म्हणून सटवाई यायची थांबती व्हय? आज पाचवी हाय माझ्या नातवाची. ती येणार, त्याच्या कपाळावर लिवायचं ते लिवून जाणार. तिच्या पुढ्यात कागद-पेन नगं? का कसं बी लिवू दे तिला?"

आमच्या आईशी, हौसाबाईशी, वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. त्या नादात आमचे वडील लवकर म्हातारे झाले, असं ती स्वतःच सांगायची. मी मशीनमधल्या रोलचाच वीतभर कोरा तुकडा फाडून दिला. तो कागद गुलाबी असतो, बारीक चौकटीचा. आईनं तो उलटसुलट करून बघितला.

"ह्याच्यावर आधीच घरं आखल्यात की गं."

"असू देत. अक्षर सरळ येईल तिचं."

आई खुदकन हसली. मला काही हसता आलं नाही. तसल्याच कागदावर मी त्या पोराचं नशीब पहिल्या दिवशीच वाचलं होतं, आणि पोर माझ्या सख्ख्या भावाचं होतं.

मिरजेतल्या त्या मोठ्या दवाखान्यात मी तेव्हा ईसीजी काढायचं काम करायची. माझा धाकटा भाऊ दिगंबर, आमच्या भागातल्या निम्म्या पोरांसारखा, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात लांब तमिळनाडूत, सेलमला. त्याची बायको उज्ज्वला गावी आईजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिला आईच नव्हती, लहानपणीच गेलेली. माहेरी म्हातारे वडील आणि एक भाऊ. तेव्हा माझी आई म्हणाली, "मी करती की. मला काय हात न्हाईत?"

हात होते, तशी जीभही होती. उज्ज्वला जेवायला बसली की दर घासाला पाण्याचा घोट घ्यायची. आई म्हणायची, "अगं, भाकरी खातीस का तिला पोहायला शिकवतीस?" उन्हातून आली की पोरीचे दोन्ही गाल लाल व्हायचे, तर आई म्हणायची, "आली बघा महाराणी, उनानं लाजून." डोळ्यांत कायम वाळू गेल्यासारखं वाटतं म्हणून उज्ज्वला डोळे चोळत बसायची. आई बोटावर तूप घेऊन तिच्या पापण्यांना लावायची आणि लावता लावता बोलायचीही. आम्ही सगळी हसायचो, उज्ज्वलासुद्धा. ह्यात आजार असेल असं कुणाच्या स्वप्नात यावं?

पोटातच बाळाचे ठोके फार संथ लागले म्हणून घाईनं सिझर केलं. मुलगा झाला. अंगावर सूज, रंग फिका, रडणंही दमल्यासारखं. लहान मुलांचे डॉक्टर उपळेकर मला म्हणाले, "माणिकताई, दुसऱ्या कुणाला पाठवू, की तुम्हीच काढता?"

"मीच काढते," मी म्हणाले.

त्या एवढ्याशा छातीवर चकत्या बसेनात. कशाबशा बसवल्या. कागद बाहेर यायला लागला. त्या पट्टीवर आधी एक छोटा उंचवटा येतो, तो हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा. मागोमाग उंच टोक येतं, ते खालच्या कप्प्यांचं. वरच्यांनी हुकूम द्यायचा, खालच्यांनी तो पाळायचा. चांगल्या हृदयात ही जोडी कधी फुटत नाही. मी एका कागदाची कड धरली, दोन उंचवट्यांवर पेन्सिलीनं दोन खुणा केल्या आणि कड पुढं सरकवली. उंचवटे खुणेवर बरोबर येत गेले, भराभर, नेमानं. मग टोकांचं अंतर धरलं. तीही नेमानं येत होती, पण आपल्याच संथ चालीनं. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. कुठं उंचवटा टोकाच्या आधी, कुठं मागं, कुठं टोकाच्या पोटातच लपलेला. वरचा हुकूम खाली पोचतच नव्हता. असला कागद मी म्हाताऱ्या माणसांचा कितीदा काढला होता. पण इथं अजून नाळेची गाठसुद्धा ओली होती.

बाहेर आई उभीच. "काय दिसलं गं? तोंड का असं केलंस?"

तिला काय सांगणार? मी म्हणाले, "वरनं पाटाचं पाणी सोडलंय, पण मधे पाट फुटलाय. खालच्या शेताला पाणी पोचत नाही. ते आपलं विहिरीवर कसंतरी भागवतंय."

आईनं थोडा विचार केला. "विहिरीवर किती दिवस निघतात?"

"ते विहिरीवर असतं."

"मग पाट बांधा की!"

डॉक्टरही तेच म्हणत होते. एक छोटं यंत्र बसवायचं, त्यानं खालच्या कप्प्यांना चालना द्यायची. पण ते ऑपरेशन पुण्याला व्हायचं आणि पोरगं तिथवर न्यायच्या अवस्थेत नव्हतं. "सूज उतरू दे, थोडं बाळसं धरू दे," डॉक्टर म्हणाले. तोवर सलाइनमधून ठोके वाढवायचं औषध. आणि उज्ज्वलाचं रक्त त्यांनी तपासायला मुंबईला पाठवलं. बाळाच्या आईचं रक्त कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही.

तर त्या पाचवीच्या संध्याकाळी उज्ज्वलाच्या खाटेखाली वरवंटा पुजला गेला. सिस्टरनं बघून न बघितल्यासारखं केलं. सकाळी मी कामावर आले तर आई जिन्यातच बसलेली. तिनं पदरातून तो गुलाबी कागद काढून माझ्यापुढं धरला.

"वाच."

"आई, कोरा आहे."

"तुला असल्या कागदावरचं वाचता येतंय न्हवं? नीट बघ."

मी नीट बघितला. खोटं खोटं का होईना, पण उजेडाकडं धरून बघितला. "चांगलं लिहिलंय," मी म्हणाले.

"काय लिवलंय?"

मी परत कागद उजेडाकडं धरला. आईनं कागद हातातून काढून घेतला आणि घडी घालून कमरेला खोचला. "ऱ्हाऊ दे. तुला खोटं बोलाय येत न्हाई, माणके. बापावर गेलीस."

मुंबईचा निकाल फोनवर कळला त्या दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. आई माझ्यामागं आत आली. तिला बाहेर थांबा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

डॉक्टर सावकाश बोलत होते. "उज्ज्वलाच्या रक्तात एक घटक सापडलाय. तिला स्वतःला त्याचा मोठा त्रास नाही. डोळे कोरडे पडतात, तोंड कोरडं पडतं, उन्हात गालांवर लाली येते, एवढंच. पण तो घटक वारेतून बाळाकडं गेला. हृदयात वरून खाली निरोप नेणारी एक वाट असते, तीच त्यानं जाळून टाकली."

"तोंड कोरडं," आई म्हणाली. "म्हंजे ती जेवताना पाणी पीत हुती..."

"त्यामुळंच. घास उतरत नसणार तिचा."

आई खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "आन् मी तिला घासाघासाला बोलत हुते."

"तुम्हाला कसं कळणार? तिचाही ह्यात काही दोष नाही. मी आज समजावून सांगतो तिला."

"नगं!" आई ताडकन उठली. "डाक्टर, तुमच्या पाया पडती. पोरीच्या पोटाला टाके हायत, दुधानं छाती दाटलीया, लेकरू काचेत. आन् तुम्ही तिला सांगणार, तुझ्याच रक्तानं असं झालं म्हणून? दोष न्हाई, असं तुम्ही म्हणाल. ती म्हणंल का? आन् आमच्यातली लोकं तिला म्हणू देतील का?"

डॉक्टरांनी फाइल मिटली. "आत्ता थांबतो. पण पुढच्या खेपेला हे पुन्हा होऊ शकतं. तेव्हा औषधं लागतील, तपासण्या लागतील. त्याआधी तिला कळलंच पाहिजे. ही जबाबदारी कुणाची?"

"हिची," आईनं माझ्याकडं बोट दाखवलं. "येळ आली की ही सांगंल. तवर हे आपल्या तिघांतच."

येळ मात्र दुपारीच आली, वेगळी. चंपाकाकी आली. माझी चुलती. दिगूसाठी हिनं स्वतःची भाची सुचवली होती आणि आईनं ती नाकारली होती, तेव्हापासून उज्ज्वलाचं शिंकणंसुद्धा हिच्या डोळ्यांत खुपायचं. खाटेशेजारी बसून काकीनं डोळ्यांना पदर लावला आणि सुरुवात केली.

"काय बाई तरी! आपल्या घराण्यात असलं कधी ऐकलं न्हाई. पोरी, तुझी आई बी तरणीच गेली न्हवं गं? तिला काय हुतं? आधी इचारायला पायजे हुतं..."

उज्ज्वलानं भिंतीकडं तोंड केलं. तिचे खांदे हलायला लागले. मी काहीतरी बोलणार तोच आईचा आवाज आला, अगदी शांत.

"तिच्या माहेरचं न्हाई ते, चंपे. माझ्या माहेरचं हाय."

काकी वळून बघायला लागली. मीही.

"माझा भाऊ श्रीपती असाच गेला. काळजाचंच हुतं. आमच्या रक्तातच हाय. पोरगं माझ्या वळणावर गेलंय. जाऊन त्याचे कान बघ, माझेच कान हायत."

श्रीपतीमामा पोहायला गेला आणि विहिरीत बुडून गेला, हे आजोळी सगळ्यांना माहीत होतं. काकीला मात्र माहीत नव्हतं. तिचं तोंड उघडं राहिलं. एवढा मोठा ऐवज हाती लागल्यावर ती थांबते कशाला? चहासुद्धा न घेता एसटीला गेली. रात्रीपर्यंत गावभर झालं असणार.

"आई, हे काय केलंस?" मी जिन्यात तिला गाठलं.

"आता माझं काय ऱ्हायलंय? मला कोण नांदवायचं हाय, का सोडायचं हाय? बोलत्याल चार दिस. त्या पोरीला जन्म काढायचा हाय."

ती चार दिवस म्हणाली, तिथंच तिचा हिशेब चुकला.

दुसऱ्या दुपारी पोराचे ठोके आणखी उतरले. डॉक्टरांनी औषध वाढवलं. मी मशीन लावून बसले होते. मग टोकं येईनाशी झाली. डॉक्टर दोन बोटांनी छाती दाबत होते, सिस्टर श्वासाचा फुगा दाबत होती, आणि कागद सरकतच होता. त्यावर ते छोटे उंचवटे येतच राहिले. वरून हुकूम सुटतच होता आणि खालून कुणी उत्तर देत नव्हतं. इतकी वर्षं झाली, हजारो कागद काढले, पण ती पट्टी आजही डोळ्यांसमोर आली की मला रडू येतं. मग तेही उंचवटे थांबले.

तान्ह्याला जाळत नाहीत. आमच्या शेताच्या बांधाला, बाभळीखाली त्याला पुरलं. आईनं कमरेचा तो गुलाबी कागद काढला आणि त्याच्या मुठीशी ठेवला. मी तेव्हा पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. तोवर मी नुसती छातीच बघत होते. कान खरंच आईचे होते. रुंद पाळीचे, जरा बाहेर झुकलेले.

दिगू आला तो सगळं उरकल्यावर. आणि वेशीतच त्याला काकी भेटली. घरात शिरला तो चपला न काढता, आईपुढं जाऊन उभा राहिला.

"तुला ठाव हुतं?"

आई चुलीपुढं बसलेली. तिनं जाळ सारखा केला.

"तुझ्या घराण्यात असलं हाय, हे तुला ठाव हुतं, तर आधी का बोलली न्हाईस? डाक्टरला आधी सांगितलं असतंस तर माझं पोरगं जगलं असतं! का न्हाई बोललीस, आये?"

आतल्या खोलीत उज्ज्वला पडली होती, तिला सगळं ऐकू जात होतं. माझ्या ओठावर आलं होतं. आईनं नुसतं माझ्याकडं बघितलं, मग दिगूकडं.

"चुकलं बाबा माझं," ती म्हणाली.

दिगू उज्ज्वलाला घेऊन सेलमला गेला. निघताना ती आईच्या पाया पडली. दिगू अंगणात पाठ करून उभा राहिला. एसटी वळेपर्यंत आई रस्त्यावर होती, पण त्यानं खिडकीतून मान काही बाहेर काढली नाही. त्यानंतर दोन दिवाळ्या तो आला नाही. फोन माझ्या घरी करायचा. "ताई, बरी आहेस? भाऊजी बरे?" आईचं नाव नाही. गावी गेले की मी आईला निरोप बनवून सांगायची, "तुझी चौकशी करत होता." ती म्हणायची, "करत आसंल, करत आसंल." मला खोटं बोलता येत नाही, हे तिनंच सांगितलेलं होतं. मी कितीदा म्हटलं, "आई, आता सांगू का?" तर म्हणायची, "अजून कच्ची हाय पोर. जरा थांब."

मग एके दिवशी उज्ज्वलाचाच फोन आला.

"वन्सं, मला दिवस गेलेत." आणि पुढं रडायलाच लागली. "मला भीती वाटते हो. हेही आईंच्या वळणावर गेलं तर?"

मी त्याच दिवशी रजा टाकून गावी गेले. आई अंगणात हुलगे निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"मग हितं काय करतीस? सांग जा. आजच सांग."

"दिगूलाही कळेल."

"कळू दे. त्याचा राग मोठा का लेकराचा जीव?" ती उठून आत निघाली, दारात थांबली. "आन् तिला माझा एक निरोप दे. जेवताना पाण्यावरनं मी लई बोलले तिला. म्हणावं, त्याचं मला लई वाईट वाटतंय. वरनं काय घालू नगंस, एवढंच सांग."

फोनवर मी सगळं सांगितलं. मग उज्ज्वला म्हणाली, "म्हणजे माझ्या रक्तानं?" आणि ढसाढसा रडली. मी रडू दिलं. डॉक्टर म्हणाले होते तेच सांगितलं, दोष तुझा नाही. मग आईचा निरोप दिला. ती परत रडली, पण ते रडणं वेगळं होतं. "वन्सं," ती म्हणाली, "आणि एवढे दिवस ह्यांनी आईंशी..."

ह्या खेपेला पहिल्यापासून गोळ्या झाल्या, दर आठवड्याला तपासणी झाली, ती मिरजेला येऊन राहिली. मुलगी झाली. तिचा ईसीजी मीच काढला. कागदाच्या कडेला खुणा केल्या, कड सरकवली. प्रत्येक उंचवट्याच्या मागं त्याचं टोक, कुठं खंड नाही. मी ती पट्टी तीनदा तपासली आणि तिथंच स्टुलावर बसून रडले. सिस्टर घाबरली. "अहो, काय निघालं?" मी म्हणाले, "काही नाही निघालं."

बारसं मिरजेलाच झालं. नाव ठेवलं हेमांगी. सव्वा महिना झाल्यावर सगळी गावी आली. उज्ज्वलानं दिगूला खरं कधीच सांगितलं होतं, पण आईपुढं यायचा धीर त्याला तोवर झाला नव्हता. दिगू अंगणातच आईच्या पायावर पडला. एवढा बाप्या माणूस, हमसून हमसून रडत होता. आई म्हणाली, "ऊठ. लेकीला घाबरवशील." बस्स, तेवढंच.

जेवायला बसलो. आईनं उज्ज्वलाच्या ताटाशेजारी भरलेला तांब्या आणून ठेवला. उज्ज्वलानं भाकरीचा घास घेतला, वर पाण्याचा घोट घेतला. दिगूनं हातातला घास ताटात ठेवला.

"आये," तो म्हणाला, "उद्या मी गावात सगळ्यांना खरं सांगणार. चंपाकाकीच्या दारात जाऊन सांगणार. तुझ्या घराण्याला बट्टा लागलाय, तो मी पुसणार."

"मीही सांगणार," उज्ज्वला म्हणाली. "मला आता कुणाची भीती नाही, आई."

आई हेमांगीला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या टाळूवर तेल थापता थापता तिचा हात थांबला.

"काय गरज न्हाई," ती म्हणाली.

"अगं, पण खोटा आळ तुझ्यावर..."

"दिगू, हिला नाव हाय. दाखला हाय. उद्या शाळंत जाईल, मोठी हुईल. त्याचं काय हाय? त्याचं बारसं बी झालं न्हाई. हाक मारावी तर कशी मारू? सारा गाव त्याच्याबद्दल एकच गोष्ट बोलतोय, की हौसाबाईचा नातू हौसाबाईच्या वळणाचा हुता." आईनं पदरानं तेलाचा हात पुसला. "तेवढीच वळख हाय बाबा त्याची. ती बी पुसतोस?"